दोन कळांमधली सुट्टी

भूमेश्वरीने पाचव्या चेहऱ्यावर बोट ठेवलं तेव्हा चेतनाला वाटलं, हिला प्रश्न समजला नसावा. कार्डावर पाच चेहरे होते. डावीकडे रडणारा, मग हळूहळू कोरडा होत गेलेला आणि उजवीकडे अगदी शेवटी दात दाखवून हसणारा. आकड्यांत सांगायला बायका लाजतात, म्हणून हे चेहरे चेतनानेच एका रविवारी बसून काढले होते. बाळंतपणाच्या तयारीच्या वर्गाने तुमचं किती समाधान झालं, एवढाच प्रश्न. तो वर्ग संपताना एकदा विचारायचा आणि बाळंतपणानंतर वर्षाने पुन्हा. गोंदियाच्या एका नर्सिंग कॉलेजात शिकवता शिकवता तिने हे वर्ग सुरू केले त्याला तीन वर्षं होत आली होती, आणि बायका हसऱ्या चेहऱ्यापासून बोट हलवायला तयार नव्हत्या. समाधान इतकं होतं की पुढच्या वर्षी जिल्हाभर असे वर्ग काढायचं बोलणं चाललं होतं. माहिती गोळा करायला तिची विद्यार्थिनी योगेश्वरी गावोगाव फिरायची. तीच मागच्या आठवड्यात भूमेश्वरीच्या कार्डाबद्दल म्हणाली होती, "मॅडम, इसमें कुछ गडबड है. हिचं बाळ तर पोटातच गेलं होतं. और बोलती है, एकदम खूश." चेतनाने ते उत्तर चुकीचं धरलं. योगेश्वरीने घाईत विचारलं असेल, सासू मध्ये बोलली असेल, कार्ड उलटं धरलं असेल. मोजमापात अशा चुका होतात आणि त्या जागेवर जाऊन दुरुस्त करता येतात, या विश्वासाने ती सकाळच्या एसटीने सडक अर्जुनीला उतरली, तिथून ऑटो करून या सडकेकाठच्या गावात आली, आणि आता अंगणात टाकलेल्या खुर्चीवर बसून, कार्ड नीट सरळ धरून, तिने स्वतः विचारलं होतं. बोट पुन्हा तिथेच होतं.

तिने कार्ड हातातच ठेवलं. अंगणात नव्या धानाची पोती रचली होती आणि हवेत तुसाची बारीक कुसळं तरंगत होती, ती घशाशी टोचत. भूमेश्वरी खाली पोत्याला टेकून बसली होती. पंचविशीही उलटली नसेल. अंगावर पदर ओढलेला असला तरी पोट दिसत होतं. पाचवा लागला, असं सासूने चेतना फाटकातून आत येताच सांगून टाकलं होतं. चेतनाला ते ठाऊक नव्हतं. तिला हायसं वाटलं. मग तिला आपल्या हायसं वाटण्याचाच थोडा राग आला, कारण एक पोट दुसऱ्या पोटाची भरपाई असल्यासारखं ते होतं. बाळ गेलं तरी तू हसरा चेहरा का दाखवतेस, असं विचारता येत नव्हतं. प्रश्नात उत्तर मिसळायचं नाही, हे ती विद्यार्थिनींना दरवर्षी शिकवायची. म्हणून तिने विचारलं, की वर्गात शिकलेल्यातलं त्या वेळी काय कामी आलं.

भूमेश्वरीने मान वर केली. परीक्षेत नेमका पाठ असलेला प्रश्न पडलेल्या मुलीसारखा तिचा चेहरा उजळला.

"मी ओरडली नाही, मॅडम," ती म्हणाली.

मग तिने सगळं सांगितलं, न अडखळता, जणू कोणीतरी कधीतरी विचारील म्हणून ते नीट घडी घालून ठेवलं होतं. दवाखान्यात तिच्या बाजूच्या खाटेवर एक बाई होती, ती लय ओरडत होती, आईला बोलवत होती, नर्सचा हात धरून ठेवत होती. सारे तिच्याभोवती. एक नर्स भूमेश्वरीकडे पाहून जाता जाता त्या बाईला म्हणाली, हिच्याकडून शिक, कशी गपचूप पडली आहे. भूमेश्वरीला तेव्हा वर्ग आठवला, चेतनाचा आवाज आठवला. नाकाने आत, तोंडाने बाहेर, मेणबत्तीची ज्योत न विझवता नुसती हलवावी तसं. ती तसंच करत राहिली. दाराबाहेर बाकावर तिचा नवरा तिलक बसला होता, पडद्याखालून त्याच्या चपला दिसत होत्या, तिने त्या चपलांवर नजर ठेवली, कारण नजर एका जागी ठेवा असंही वर्गातच सांगितलं होतं. फक्त एक गोष्ट तिला जमली नाही. ते सांगताना तिचा आवाज पहिल्यांदा खाली आला, जणू ती स्वतःची एक चूक कबूल करत होती.

"तुमी म्हटल्या होत्या, कळ येते अना जाते, मधात सुट्टी भेटते. सुट्टीत आंग सैल सोडाचं. माही सुट्टी आलीच नाही, मॅडम. कळ गेलीच नाही. पोट दगडावानी झालं होतं. मी वाट पाहून राहिली, आता येईन, मंग येईन. वाटलं, मलेच करता येऊन नाही राहिलं."

चेतनाच्या हातातून कार्ड घसरलं आणि तिने ते उचललं नाही. तिला जे समजलं ते तिच्या डोक्याच्या आधी तिच्या हातांना समजलं. उतरत नाही अशी कळ, लाकडासारखं कडक पोट. बाळाला पोसणारी वार वेळेआधीच आतल्या आत सुटते तेव्हा असं होतं. ती हे वाक्य वर्षातून एकदा फळ्यावर लिहायची आणि विद्यार्थिनी ते वहीत उतरवून घ्यायच्या. अशा वेळी एका क्षणाचाही उशीर चालत नाही, हे त्याच्या खाली. गरोदर बायकांच्या वर्गात मात्र ते कधी सांगितलं नव्हतं. तिथे भीती घालवायची होती. भीती वाढेल असं काही बोलायचं नाही, हे तिने स्वतः ठरवलं होतं, विचार करून, पुस्तकं वाचून. तिथे ती म्हणायची, दोन कळांमध्ये सुट्टी असते, ती आपली असते. ते म्हणताना तिचा आवाज मऊ व्हायचा, तिला तो आवडायचा. एक बाई तो मऊ आवाज कानात धरून, नवऱ्याच्या चपलांकडे बघत, न येणाऱ्या सुट्टीची वाट पाहत पडून राहिली होती. हाताच्या अंतरावर नर्स होती. एका हाकेच्या अंतरावर डॉक्टर असेल. आणि ती हाक मारत नव्हती, कारण हाक न मारणं तिला शिकवलं होतं आणि ती हुशार होती.

सासू दुलारीबाई चहा घेऊन आली. घरात ती सुनेशी पोवारी बोलीत बोलायची, चेतनाशी बोलताना गावच्या मराठीवर यायची. तिने चहा हातात दिला, खाली पडलेलं कार्ड उचलून चेतनाच्या मांडीवर ठेवलं आणि पोत्यावर बसून सुनेची तारीफ सुरू केली. नशिबात नव्हतं ते गेलं, त्याले कोण का करते, पण पोरीनं घराचं नाव राखलं. गावातल्या शामकलाची सून नेली होती त्याच दवाखान्यात, साऱ्या सडकेले आयकू गेली, ट्रकवालेबी ब्रेक मारून थांबले असतील. शामकला आता तोंड दाखवत नाही. आमच्या पोरीचा आवाज दारापर्यंतबी नाही आला. तिलक बाहेर बसून होता, त्याले माहीतबी नाही पडलं. दुलारीबाई हे सांगताना खोटं हसत नव्हती आणि निर्दयही नव्हती. सुनेच्या पाठीवरून तिने दोनदा हात फिरवला. या खेपेलेबी पाठवीन म्हणाली, वर्ग कधी चालू होते ते सांगा. आणि भूमेश्वरी म्हणाली, आता तर मले सारं येते, पण येईन.

चहा गोड होता. चेतनाने तो संपवला. निरोप घेतला, हात जोडले, बेशरमीच्या कुंपणाजवळून बाहेर पडली, त्याची गुलाबी फुलं तिने पाहिली आणि कसली ते ओळखलं, आणि एवढं ओळखता येतं याचंच तिला नवल वाटलं. सडकेवर नागपूरकडून रायपूरकडे जाणारे ट्रक एकामागून एक जात होते. ती ऑटोची वाट पाहत उभी राहिली. मनात एकच गोष्ट फिरत होती, की भूमेश्वरीचं उत्तर बरोबर होतं. चूक नव्हती. कार्ड सरळ होतं, प्रश्न समजला होता, सासू मध्ये बोलली नव्हती. भूमेश्वरीला वर्गाकडून जे हवं होतं ते पुरेपूर मिळालं होतं. आणि मग, एखाद्या खोलीतला दिवा लागल्यावर सगळंच सामान एकदम दिसावं तसे चेतनाला बाकीचे चेहरे दिसले. तीन वर्षांतले, सगळे हसणारे. बायका कशाने इतक्या समाधानी होत्या? सासवा, ज्या सुनांना लग्नाच्या वऱ्हाडालाही एकटं पाठवायच्या नाहीत, त्या दर शनिवारी स्वतः आणून का सोडायच्या? ती समजत होती, बायकांना शरीराची ओळख होते आहे, भीती जाते आहे. पण त्यांना न ओरडण्याची युक्ती हवी होती. ती त्यांना आयतीच, शास्त्राच्या नावाने, सतरंजीवर बसवून मिळत होती. तिने समाधान मोजलं होतं. कशाचं, ते विचारायचं राहून गेलं होतं.

एसटीत खिडकीजवळची जागा मिळाली. तलाव गेला, मग दुसरा. तिचं माहेर अर्जुनी मोरगावकडचं, घराच्या मागे तलावाची पाळ. तिच्या लहानपणी त्या पाळीवरून चालताना आई, कुंदाबाई, एक गोष्ट हमखास सांगायची. तू झाली तवा ओसरीवर पाच-दहा माणसं होती, तलावाच्या पाण्याच्या वाटपाची बैठक चालली होती, तुझे बाबा मधोमध बसून होते. आत मी. कोणालेच पत्ता नाही. तू रडली तवा बाबा उठून उभे राहिले, म्हणाले, हे काय, कवा झालं? हे सांगताना आई हसायची, आणि तिच्या हसण्यात असं काही असायचं, की लहानग्या चेतनाला वाटायचं, आपल्या जन्मात आईने काहीतरी मोठं जिंकलं. बाबांचं नाव ईश्वरदास. गावात कोणी त्यांचं नाव काढलं की आई ही गोष्ट जोडायचीच. आईच्या तोंडात तेव्हा काय होतं, हे चेतनाने फार उशिरा विचारलं होतं. लुगड्याचा बोळा, आई म्हणाली होती, आणि एवढं काय त्यात, म्हणून भाजी निवडायला लागली होती. आणि मग मुलाच्या, पीयूषच्या वेळी नागपूरला चेतना स्वतः. तिला छत आठवत होतं, छतावरचा पंखा, त्याच्या एका पात्यावरचा डाग. डॉक्टरीणबाई म्हणाल्या होत्या, अशी गुणी पेशंट मी पाहिली नाही. ते शब्द तिने जपून ठेवले होते. वर्गात ती ते सांगायची. प्रत्येक नव्या वर्गात, पहिल्याच दिवशी, थोडं हसून. खिडकीच्या गजाला डोकं टेकून ती आता आठवू पाहत होती, की तिला त्या वेळी ओरडावंसं वाटलं होतं का. पंखा आठवत होता. डाग आठवत होता. बाकी जागा पुसल्यासारखी होती, आणि त्या पुसलेल्या जागेलाच ती इतकी वर्षं शांतता म्हणत आली होती.

घरी आल्यावर तिने पीयूषला जेवायला वाढलं, त्याच्या गणिताची वही पाहिली, एक चूक दाखवली. मनात हिशेब चालूच होता. भूमेश्वरी ओरडली असती तर? वार सुटली की कधी कधी सगळं करूनही बाळ जातं. पुरावा नाही. शास्त्र शिकलेल्या बाईला ठामपणे म्हणता येत नाही की वाचलं असतं, आणि नसतं वाचलं असंही म्हणता येत नाही. या न म्हणता येण्याच्या आड बसून राहणं सोपं होतं. त्या मुलीजवळ बाळाचं दुसरं काही नव्हतं. फोटो नाही, नाव नाही. फक्त एवढंच होतं, की तिने सगळं नीट केलं. ते काढून घ्यायचं? पण पाचवा महिना लागला होता. चार महिन्यांनी ती पुन्हा त्या खाटेवर जाईल, आणि आता तर तिला सारं येत होतं. एकदा असं झालेल्या बाईला पुन्हा तसंच होण्याची शक्यता अधिक असते, हेही चेतना फळ्यावर लिहायची.

शनिवारी नवा वर्ग सुरू होत होता, ती गेली. वर्ग सडकेलगतच्या ग्रामपंचायतीच्या हॉलमध्ये भरायचा. सतरंजीवर गरोदर बायका, दाराशी उंबऱ्याबाहेर सासवा, मांडीवर लाखोरीची भाजी घेऊन निवडत. भूमेश्वरी पुढे बसली होती आणि शेजारच्या नव्या मुलीला दाखवत होती, श्वास कसा सोडायचा. ती मुलगी गाल फुगवत होती आणि भूमेश्वरी तिचे गाल बोटांनी हलकेच दाबत होती. चेतनाने ठरवून आणलेलं सगळं त्या बोटांकडे पाहताना विसरायला झालं. ती म्हणाली, आज श्वासाचं नाही. मग तिने सरळ सांगितलं. कळ गेली नाही, पोट कडक राहिलं, अंगावरून लाल गेलं, बाळ हलायचं थांबलं, तर नर्सला बोलवायचं. नर्स आली नाही तर ओरडायचं. कोणी येईपर्यंत ओरडायचं. वर्गभर खसखस पिकली. मागून एकीने विचारलं, ओरडाचं तं कोणाच्या नावानं, नवऱ्याचं नाव तं तोंडानं घेत नाई. दुसरी म्हणाली, सासूच्या नावानं ओरड, सारा दवाखाना पळून जाईन. उंबऱ्याबाहेर भाजी निवडणारे हात थांबले. चेतना म्हणाली, करून पाहू या. एकेकीने. बायकांनी तोंडाला पदर लावले. मी आधी करते, असं म्हणून तिने तोंड उघडलं, आणि नुसती हवा बाहेर आली. तिला वाटलं होतं आवाज आपला आहे, हवा तेव्हा काढता येईल. तिने पुन्हा प्रयत्न केला. खोकल्यासारखं काहीतरी आलं. आता कोणी हसत नव्हतं, बायका तिच्याकडे कणव आल्यासारख्या बघत होत्या.

"हे का शिकवून राहिल्या, बाई?" दाराशी बसलेली दुलारीबाई म्हणाली. "चांगल्या पोरी बिघडवता कायले?"

चेतना तिच्याकडे वळली, पण तेवढ्यात भूमेश्वरी बोलली. हळू, सतरंजीची दशी ओढत.

"सुट्टी नाही आली तं ओरडाचं, मॅडम?"

"हो."

"बाहेर माणसं बसून असली तरी?"

"तरी."

भूमेश्वरीने दशी सोडली. तिच्या चेहऱ्यावरून एक एक करून काहीतरी निघून जाताना चेतनाला दिसलं, थोपवता येण्यासारखं नव्हतं. बाजूची खाट, ती ओरडणारी बाई, तिच्याभोवतीची गर्दी. त्या बाईचं बाळ जगलं होतं, हे भूमेश्वरीला ठाऊकच होतं. तिने ते आजवर कशाला जोडलं नव्हतं.

"मंग मी तवा ओरडली असती तं?"

बाळ वाचलं असतं, हे चेतनाला म्हणता येत नव्हतं. काही उपयोग झाला नसता, हेही नाही. तिला जेवढं ठाऊक होतं तेवढंच तिने सांगितलं, आणि ते सांगताना तिला कळत होतं, की याहून वाईट काही सांगता आलं नसतं.

"कोणीतरी आलं असतं."

भूमेश्वरीने मान हलवली, समजलं म्हणून. तिने दोन्ही हात पोटाखाली धरले. मग तिच्यातून एक आवाज निघाला. सुरुवातीला तो इतका खाली होता की चेतनाला वाटलं, सडकेवरून अवजड ट्रक जातो आहे. मग तो वर चढला, भिंतींवर आपटला, शेजारची नवी मुलगी कानांवर हात ठेवून मागे सरकली, आणि तो थांबेना. त्यात शब्द नव्हता. तो वर्षभराचा होता. दुलारीबाई उठली, मांडीवरची भाजी सगळी उंबऱ्यावर सांडली, ती "बेटी, ओ बेटी" म्हणत आत येऊ लागली आणि साडीत पाय अडकून तिथेच बसली. चेतना गुडघ्यांवर खाली आली होती, तिने हात पुढे केले होते, पण धरावं कुठे ते तिला समजत नव्हतं.

मग बाहेर पावलं वाजली. आधी दोन-चार, मग पुष्कळ. पंक्चरवाला आला, काळ्या हातांनी, टायर काढायची पट्टी तशीच मुठीत. त्याच्यामागे चहाच्या टपरीवरचे दोघे, एक ऑटोवाला, खांद्यावर पोतं घेतलेला कोणीतरी, जो ते खाली टाकायलाही विसरला होता. का झालं, का झालं, असं सगळे एकदम विचारत होते. त्यांना बाजूला सारत तिलक आत शिरला. तो भूमेश्वरीला मोटरसायकलवर सोडून बाहेरच थांबला होता, आणि बायकांच्या वर्गात पुरुषाने यायचं नसतं हे विसरून, अनवाणी, थेट सतरंजीवर तिच्यापुढे येऊन उभा राहिला. त्याला धाप लागली होती.

आवाज थांबला. भूमेश्वरीने त्याच्याकडे पाहिलं. मग दाराकडे, खिडक्यांकडे, जिथे आता माणसंच माणसं होती आणि आणखी येत होती. ती प्रत्येकाकडे पाहत होती.

"आले, मॅडम," ती म्हणाली. "किती लवकर आले."